वाईचा टीव्ही आणि घरचे व्हिडिओ : प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

काम ठरलं. दिवाळीत सगळे वाईला जमणार, तोवर घरातले सगळे व्हिडिओ नानांच्या टीव्हीवर चालले पाहिजेत. पेनड्राइव्ह लावला, रिमोटचं बटण दाबलं, चित्र सुरू. लॅपटॉप जोडा, फोनवरून कास्ट करा, असले प्रकार नकोत. नाना रिमोटखेरीज काही हातात धरत नाहीत, आणि तिथलं वायफाय माजघराची भिंत ओलांडत नाही.

टीव्ही २०१३चा, ४० इंची, फुल एचडी. दादाचं म्हणणं, 'सेलमध्ये फोर-केवाला घेऊन टाकू, प्रश्नच मिटला.' मिटत नाही. लग्नाच्या फाइली नवा टीव्हीसुद्धा बहुतेक चालवणार नाही. शिवाय नानांना हा टीव्ही आवडतो.

माल गोळा केला तो असा: २००९च्या कॅमकॉर्डरवरची मुंज आणि गणपती विसर्जन, दादाच्या लग्नाचं फोटोग्राफरकडून आलेलं कच्चं फुटेज, ताईच्या आयफोनवर घेतलेलं बारसं, गोप्रोवरचा राजगड, आणि व्हॉट्सअॅपवरून आलेला चुराडा. व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओंना शक्यतो हात लावायचा नाही. आधीच पिळून निघालेत, पुन्हा पिळून काय मिळणार.

६ ऑक्टोबर, रविवार

प्रत्येक प्रकारातली एकेक फाइल मीडियाइन्फोत, म्हणजे फाइलीच्या आत काय आहे ते सांगणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून पाहिली. फाइलच्या नावाशेवटी एमपी४ लिहिलंय यावरून काहीच कळत नाही. दोन एमपी४, आत दोन निराळ्या गोष्टी.

लग्न: ३८४० × २१६० ठिपके (फोर-के), सेकंदाला २५ फ्रेम, एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), पण प्रोफाइल, म्हणजे त्या पद्धतीतला उपप्रकार, 'हाय ४:२:२', रंगछटा १० बिटांत, सेकंदाला १४० मेगाबिट. आवाज न दाबलेला पीसीएम. म्हणजे एका तासाला ६३ जीबी. हे एडिटिंगसाठी उत्तम आणि टीव्हीसाठी निरुपयोगी. टीव्हीतली चिप चॅनेलवाले जे पाठवतात त्यासाठी घडवलेली असते, आणि ते ८ बिट, ४:२:० असतं. त्यात रंगाची माहिती आडवी निम्मी आणि उभीही निम्मी साठवतात. ४:२:२ मध्ये ती फक्त आडवी निम्मी होते. रंग सुधारायला बसलात तर हा फरक कळतो. सोफ्यावर बसून कळत नाही, पण चिप मात्र तिथेच अडते.

बारसं: एचईव्हीसी (एच.२६४ नंतरची पद्धत), १० बिट, ६० फ्रेम, डॉल्बी व्हिजन (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला साठवणारी सोय). आयफोन १२ पासून, म्हणजे २०२० पासून, ही सोय आली, आणि ताईनं ती कधी बंद केलेली नाही. एचईव्हीसीचं मानक मंजूर झालं २०१३ साली, त्याच वर्षी हा टीव्ही घरी आला. तेव्हा त्याला ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही.

गोप्रो: एचईव्हीसी, फोर-के, ५० फ्रेम.

कॅमकॉर्डर: एव्हीसीएचडी (कॅमकॉर्डरांची एच.२६४ वरची पद्धत). १९२० × १०८०, इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक रेघांची अर्धी चित्रं (फील्ड), सेकंदाला अशी ५०, १७ मेगाबिट, आवाज डॉल्बी डिजिटल. पंधरा वर्षांपूर्वीचा माल, आणि सगळ्यात सरळ हाच निघणार असं वाटतंय.

८ ऑक्टोबर, मंगळवार

टीव्हीची पुस्तिका नानांनी कपाटातून काढून फोनवर वाचून दाखवली. 'एच.२६४, १९२० × १०८०, ३० फ्रेमपर्यंत.' बाकी सगळं मोघम. पुस्तिका सांगते त्यापेक्षा टीव्ही कधी जास्त चालवतो, कधी कमी, म्हणून विचारायचं टीव्हीलाच.

चाचणीचा पेनड्राइव्ह केला. लग्नातल्या आणि विसर्जनातल्या तीस-तीस सेकंदांच्या चकत्या, प्रत्येकीत एकच गोष्ट बदललेली. चित्राच्या मधोमध मोठा आकडा छापला, म्हणजे नानांना फाइलचं नाव वाचावं लागणार नाही. फाइलींची नावं मुद्दाम रोमनमध्ये ठेवली, कारण त्या टीव्हीच्या यादीत देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

१२ ऑक्टोबर, दसरा

दादा सकाळी वाईला गेला, पेनड्राइव्ह त्याच्याबरोबर दिला. संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर नानांचा फोन.

'हां, लावलाय. एक झकास. दोन झकास.'

'तीन बघा नाना.'

'तीनमध्ये नुसता आवाज. पडदा काळा.'

तीन म्हणजे एचईव्हीसी. अपेक्षित होतं.

'चार?'

'चार लागतच नाही. काहीतरी इंग्रजीत लिहून येतंय.'

चार म्हणजे लग्नाची मूळ फाइल, जशीच्या तशी.

'सात?'

'सात दिसतंय रे, पण लंगडतंय.'

लंगडतंय! याहून नेमका शब्द मला सुचला नसता. सात म्हणजे १०८०, सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम. आठ म्हणजे तेच फुटेज ७२० रेघांवर (१२८० × ७२०) उतरवून ५० फ्रेम, आणि ते सुरळीत चाललं. नऊ म्हणजे कॅमकॉर्डरचं मूळ फुटेज, इंटरलेस्ड, काहीही न बदलता. त्यावर नाना काहीच बोलले नाहीत. ते लेझीम बघत बसले होते.

१३ ऑक्टोबर, रविवार

सात का लंगडलं, याचं गणित एकदा कागदावर मांडून ठेवतो, पुढे परत लागेल.

एच.२६४ चित्राचे १६ × १६ चे ठोकळे पाडतं. १९२० ला १६ नं भागलं की १२०. १०८० ला भागलं की साडेसदुसष्ट, म्हणजे ६८ धरायचे. एका फ्रेममध्ये ८,१६० ठोकळे. लेव्हल म्हणजे चिपला किती भार झेपावा याची ठरलेली पायरी; लेव्हल ४.१ ची सेकंदाची मर्यादा २,४५,७६० ठोकळे. भागाकार ३०.१. पुस्तिकेतल्या 'तीस फ्रेमपर्यंत'चं मूळ हे. ५० फ्रेमला लेव्हल ४.२ लागते. चिपला तेवढा दम नाही, म्हणून ती मधल्या फ्रेमा गाळते. ७२० च्या फ्रेममध्ये मात्र ३,६०० च ठोकळे, तिथे ५० फ्रेम आरामात बसतात.

तेव्हा नियम असा: बारसं आणि लग्न १०८० वर, ३० किंवा २५ फ्रेम. राजगड ७२० वर, ५० फ्रेम. कॅमेरा डोक्याला बांधून माणूस चढतोय, तिथे रेघ न् रेघ दिसण्यापेक्षा हालचाल गुळगुळीत असणं महत्त्वाचं. नानांचा दिवाण टीव्हीपासून दहा फुटांवर आहे. ७२० आणि १०८० मधला फरक तिथून सांगून दाखवावा कुणी.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी

आज फक्त कॅमकॉर्डर.

इंटरलेस्ड म्हटलं की सगळे म्हणतात, आधी डीइंटरलेस करा, म्हणजे ती अर्धी चित्रं पूर्ण फ्रेमांत बदला. संगणकावर ते चित्र उघडलं की लेझमीच्या प्रत्येक झटक्याला कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, त्यामुळे माणूस घाबरतो. पण हे चित्र संगणकासाठी नव्हतंच. एका फ्रेममध्ये दोन क्षण गुंफलेले असतात. सम रेघांवर एक क्षण, विषम रेघांवर सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतरचा दुसरा. टीव्ही हे रोज सोडवतो. डिशवरून येणारे एचडी चॅनेलही १०८० इंटरलेस्डच येतात, आणि ते गुंतवळ सोडवायचं काम करणारं सर्किट त्यात आहेच.

पंचवीस फ्रेमवर साधं डीइंटरलेस करणं म्हणजे निम्मे क्षण फेकून देणं. लेझमीत हे लगेच कळतं. मनगटाचा झटका सुटतो, हात इथून एकदम तिथे दिसतो. पन्नास फ्रेम ठेवायच्या तर १०८० वर टीव्ही लंगडतो. म्हणून उत्तर असं की काहीच करायचं नाही. चित्र तेच, डॉल्बी आवाज तोच, फक्त एमटीएस या कॅमकॉर्डरच्या फाइल-डब्यातून काढून टीएस या साध्या डब्यात भरायचं. दर्जा तसूभरही बदलत नाही, आणि वेळ लागतो फाइल कॉपी करायला लागतो तेवढाच.

एक भानगड मात्र सांभाळावी लागते. कॅमकॉर्डर दर २ जीबीला फाइल तोडतो. १७ मेगाबिटला म्हणजे साधारण १६-१७ मिनिटांनी. हे तोडणं चित्राच्या सोयीनं होत नाही, जिथे जागा संपली तिथे डेटाचं पाकीट अर्धं या फाइलीत, अर्धं पुढच्या. हे तुकडे वेगवेगळे व्हिडिओ समजून जोडले तर सांध्यावर आवाज हुचकी देतो, आणि मुंजीत तो सांधा बरोबर 'ओम् भवति भिक्षां देहि'वर आला आहे. उपाय सोपा: आधी फाइली बाइटला बाइट लावून सलग एक करायच्या, मग त्या एकाच लांब फाइलीला नव्या टीएस मध्ये घालायचं. सांधा ऐकू येत नाही.

फोनवर पाहणाऱ्या भाचरांसाठी विसर्जनाची दुसरी प्रत केली. त्यात बीडब्ल्यूडिफ हा डीइंटरलेस करणारा फिल्टर लावून प्रत्येक फील्डची एक फ्रेम केली, ५० फ्रेम. ती टीव्हीच्या पेनड्राइव्हवर जाणार नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

लग्न. एफएफएमपेग या आज्ञा टंकून व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅमची ७.१ आवृत्ती गेल्याच महिन्याच्या शेवटी आली, तीच घेतली. एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा) एक्स२६४, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१, ८ बिट ४:२:०, सीआरएफ १८ (दर्जा ठरवणारा आकडा; कमी आकडा म्हणजे जास्त दर्जा), प्रीसेट स्लो (सावकाश पण नीट दाबणारा). १४० मेगाबिटचं १० बिट ४:२:२ वाचायला माझ्या ग्राफिक्स कार्डाची काही मदत होत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. रात्री लावून झोपायचं.

पहिला तुकडा पेनड्राइव्हवर घालून माझ्याकडच्या जुन्या टीव्हीवर लावला. हा नानांच्याच पिढीतला. सुंदर. मंगलाष्टकं सुरू, अंतरपाट धरलेला, शालूचा काठ स्पष्ट. 'शुभमंगल सावधान' झालं आणि चित्र अडकलं. पुढचं कडवं नीट, शेवटी पुन्हा 'सावधान', पुन्हा अडकलं. प्रत्येक वेळी त्याच जागी.

अक्षता!

बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला किती बिट लागतात त्याचा, आलेख काढून पाहिला तर मंगलाष्टकांच्या प्रत्येक कडव्याशेवटी उभा सुळका. एन्कोडर एका फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधतो: हा चेहरा इथे होता, आता जरा सरकला, एवढंच लिहून ठेवू. चारशे माणसं एकदम तांदूळ फेकतात तेव्हा हवेत हजारो दाणे, प्रत्येक आपापल्या दिशेनं, आणि मागच्या फ्रेममधला एकही कामाचा नाही. सीआरएफला सांगितलेलं असतं की दर्जा ढळू द्यायचा नाही, मग लागतील तेवढे बिट ओत. सरासरी १० मेगाबिट असलेली फाइल तेवढ्या दोन सेकंदांत टीव्हीला झेपत नाही इतकी फुगते.

उपाय म्हणजे सीआरएफ तसाच ठेवून वर झाकण घालणं: कमाल बिटरेट २० मेगाबिट, बफर (तात्पुरता साठा) २५. आता अक्षता पडताना बारकाईनं पाहिलं तर दाणे किंचित पुसट होतात. त्या क्षणी अक्षतांचे दाणे मोजायला कोण बसलंय?

हॅन्डब्रेक या बटणांनी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्येही हे जमतं, प्रगत पर्यायांच्या चौकटीत तेच दोन आकडे लिहायचे. ज्यांना काळ्या खिडकीत आज्ञा टंकायचा कंटाळा आहे त्यांनी तेच वापरावं.

२० ऑक्टोबर, रविवार

आवाज. फोटोग्राफरनं सनईसाठी वेगळी पातळी ठेवली नव्हती आणि वरातीतल्या डीजेसाठी तर कुठलीच नाही. नाना सप्तपदी ऐकायला आवाज वाढवणार आणि वरातीला दिवाणावरून उडणार. लाउडनॉर्म फिल्टर दोन फेऱ्यांत लावला: पहिल्या फेरीत मोजायचं, दुसरीत सगळं एका पातळीला आणायचं. हा फिल्टर आतल्या आत आवाजाचे नमुने घेण्याचा वेग १९२ किलोहर्ट्झवर नेऊ शकतो. पुढे काही सांगितलं नाही तर एएसी (आवाज दाबायची पद्धत) त्याला ९६ वर आणून सोडतो, आणि बरेच टीव्ही ९६ ला गप्प बसतात. म्हणून आज्ञेत ४८,००० हा आकडा लिहूनच टाकायचा. एएसी, दोन चॅनेल, १९२ किलोबिट.

लग्नाचा एकच मोठा व्हिडिओ करायचा नाही. या टीव्हीला मध्येच बंद केलं की पुढच्या वेळी सुरुवातीपासून लागतो. सीमांतपूजन, अक्षता, सप्तपदी, पंगत, वरात अशा वेगळ्या फाइली. पंगत कापून टाकावी असं वहिनीचं मत. काकूंचं मत, तीच आधी दाखवा. ठेवली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

बारसं सगळ्यात त्रासाचं निघालं.

सरळ ८ बिट एच.२६४ केलं तर फाइल चालते, पण रंग उडालेले. बाळाच्या आत्याची पैठणी खरी गर्द जांभळी, चित्रात धुतल्यासारखी. हळदीकुंकवाच्या करंड्यातली हळद चण्याच्या पिठासारखी फिक्की. मूळ चित्र एचएलजी या उजेडाचा जास्त पल्ला साठवणाऱ्या पद्धतीचं, रंगांचा पसारा बीटी.२०२०, म्हणजे नेहमीपेक्षा मोठा. बीबीसी आणि जपानच्या एनएचकेनं ही पद्धत जुन्या टीव्हीवरही बरं दिसावं म्हणून बनवली, आणि उजेडाच्या बाबतीत ते खरंही आहे. पण रंगांचे आकडे मोठ्या पसाऱ्यातले, आणि जुना टीव्ही ते लहान पसाऱ्यातले समजून वाचतो. म्हणून सगळं फिकुटतं.

म्हणजे टोन मॅपिंग, उजेड आणि रंग जुन्या टीव्हीच्या पल्ल्यात बसवणं, करणं आलं. आधी उजेड सरळ रेषेत आणायचा, मग रंग बीटी.७०९ या जुन्या, लहान पसाऱ्यात उतरवायचे, मग अतिप्रकाश दाबायचा, मग ८ बिट. हे सगळं गणित दशांशांत चालतं आणि लॅपटॉप रडकुंडीला येतो. क्रम बदलून पाहिला: आधी फोर-केवरून १०८० वर आणायचं आणि मग टोन मॅपिंग. ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपक्यांऐवजी २० लाख ७३ हजार ६००, काम बरोबर चौथाई. पाळण्याच्या झालरीतही फरक दिसला नाही.

दाबायचं कसं, यात हेबल आणि मोबियस ही दोन सूत्रं ताडून पाहिली. हेबल खिडकीतला उजेड छान सांभाळतो, पण सगळंच थोडं काळवंडतं. खोलीत ट्यूबलाइट, बायका खिडकीकडे पाठ करून बसलेल्या, सगळ्यांचे चेहरे सावळले. मोबियस चेहऱ्यांना हात लावत नाही, फक्त खिडकीबाहेरचं आभाळ पांढरंफट्ट होतं. बारशात आभाळ बघायचं नसतं. मोबियस.

फोन सेकंदाला नेमक्या ६० फ्रेम देत नाही, उजेडाप्रमाणे कमीजास्त करतो. त्यानं हळूहळू आवाज पुढे आणि ओठ मागे पडतात. पाळणा म्हणताना हे फार खटकतं. ठरीव ३० वर बसवलं.

उभे व्हिडिओ: फोन चित्र आडवंच साठवतो आणि 'फिरवून दाखवा' अशी चिठ्ठी जोडतो. हा टीव्ही चिठ्ठी वाचत नाही, माणसं भिंतीवर झोपतात. नव्यानं एन्कोड करताना एफएफएमपेग आपणहून फिरवतो. दोन्ही बाजूंना काळी पट्टी ठेवली. तेच चित्र धूसर करून मागे पसरायची हल्ली फॅशन आहे, ती मला सहन होत नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

राजगड. गोप्रो मोठ्या चित्रणाचे तुकडे पाडतो. नावातले पहिले दोन आकडे तुकड्याचा क्रम, शेवटचे चार चित्रणाचा. नावानुसार रांग लावली की सगळ्या चित्रणांचे पहिले तुकडे आधी, मग सगळ्यांचे दुसरे, आणि माणूस बालेकिल्ल्यावरून एकदम गुंजवण्यात उतरतो. शेवटच्या चार आकड्यांवर रांग लावली. ७२०, ५० फ्रेम, बाकी लग्नासारखंच.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मथळे. काकूंची मागणी, प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला प्रसंग आणि साल मराठीत यावं. टीव्हीला वेगळी सबटायटल फाइल दिली तर जोडाक्षरं फुटतात, त्यामुळे अक्षरं चित्रातच छापायची. एफएफएमपेगचा अक्षरं छापणारा जुना ड्रॉटेक्स्ट फिल्टर देवनागरीची वाट लावायचा, 'विसर्जन'मधली वेलांटी व च्या पुढे जाऊन बसायची आणि रफार सुटा पडायचा. ६.१ पासून त्यात हार्फबझ हे अक्षरं नीट जुळवणारं साधन आलं, तेव्हापासून ठीक. तरी मी लिबॅस या सबटायटल छापणाऱ्या साधनाच्या वाटेनं छापलं, कारण अक्षर हळूच उमटणं-विरणं त्यात सोपं. फॉन्ट मुक्ता.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

३२ जीबीचे दोन पेनड्राइव्ह, दोन्ही फॅट३२ या जुन्या मांडणीचे. एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा आहे, पण प्रसंगवार तुकडे केल्यानं लग्न, बारसं, राजगड आपोआप त्याखाली बसले. मुंज तेवढी कापावी लागली. भिक्षावळीच्या आधी कापली, तिथे कॅमेरा नाहीतरी मांडवातून बाहेर येतो. पहिल्या पेनड्राइव्हवर मुंज-विसर्जन, दुसऱ्यावर बाकी सगळं. नावांच्या आधी ०१, ०२ असे आकडे, टीव्ही नावानुसारच रांग लावतो.

२ नोव्हेंबर, पाडवा

वाई. जेवणं झाल्यावर लावलं. विसर्जन तीनदा. लेझमीच्या दुसऱ्या रांगेत नाना आहेत हे निम्म्या घराला माहीतच नव्हतं. अक्षतांना चित्र अडकलं नाही. पैठणी जांभळी.

त्रुटी: पडद्याच्या कडेचा थोडा भाग टीव्ही कापतो, त्यामुळे एका मथळ्यातलं साल अर्धं गेलं. टीव्हीच्या मेनूत चित्राचा आकार बदलून ते येतं, पण नानांच्या मेनूत शिरायचं नाही असा घरचा ठराव आहे. मथळे कडेपासून आत सरकवून ती फाइल बदलायची.

१० नोव्हेंबर, रविवार

मथळ्याची फाइल दुरुस्त, दादाबरोबर पाठवली. मूळ फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर, एक इथे, एक वाईला. टीव्हीसाठी केलेल्या प्रती म्हणजे मूळ नव्हे, हे दादाला दोनदा सांगितलं, कारण जागा होत नाही म्हणून तो ६३ जीबीची फोल्डरं उडवायला निघाला होता.

मामेबहिणीनं न्यू जर्सीहून जुन्या कॅमकॉर्डरचं फुटेज पाठवलंय: १०८० इंटरलेस्ड, ५९.९४ फील्ड, तिकडची पद्धत. ते ५० वर आणायचं नाही, आणलं की दर काही फ्रेमांनी धक्का बसतो. टीव्ही दोन्ही घेतो. तेही न बदलता टीएस मध्ये घालून पुढच्या खेपेला नेऊ.